खंडेनवमीचा सर्व्हर

"तू जरा बाहेर थांब. पूजा आटपली की बोलावतो."

मॅनेजरसाहेब हे अगदी गोड बोलले. खंडेनवमीची सकाळ. सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागांना हार घालून झाले होते, आता सर्व्हरची पाळी. कारखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळते, म्हणून त्या खोलीची किल्ली वर्षभर माझ्याकडे. त्या दिवशी मात्र त्यांनी हात पुढे केला आणि मी ती काढून दिली.

तीन वर्षं हेच. पहिल्या वर्षी म्हणाले होते, "तुमच्यात पूजा चालत नाही ना? मग तुला अवघडायला नको." आम्ही बौद्ध. मला पूजा नकोच होती. उलट मला बरं वाटलं, साहेब आपला विचार करतात म्हणून. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते. नको म्हणायचं तर ते मी म्हणायचं होतं. बाकीचे आत पेढे खात असताना जिन्यात उभं राहून मोबाईलकडे बघत राहणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर सर्व्हर चालू होईना. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी, आणि मध्येच सगळं ठप्प. ऑर्डरी अडकल्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पूजेच्या आदल्या दिवशी हिनंच कर्नल बदलला. सवलतीत पास झालेल्यांच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं."

सगळे आपापल्या स्क्रीनकडे वळले. सात जण होते. त्यातल्या पाच जणांचे कॉम्प्युटर मी कधी ना कधी दुरुस्त केलेत.

आमचा सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चालतो; कर्नल म्हणजे तिचा मुकादम. यंत्राकडून काम करून घेणारा. तो मी बदलला होता, खरं आहे. म्हणून आधी स्वतःवरच संशय घेतला. जुना कर्नल निवडून सुरू करून पाहिलं. तिथंच अडकलं. मग मेमरीची चाचणी लावली. चुकाच चुका. पेटी उघडली. मेमरीच्या एका पट्टीवर हळद, आणि तिच्या खाचेत काहीतरी चिकट वाळलेलं. वास घेतला. नारळ.

ती पट्टी काढून ठेवली, उरलेल्यांवर सर्व्हर सुरू झाला. मग त्यानं ठेवलेल्या नोंदी वाचल्या. नवा कर्नल रात्रभर बिनतक्रार चालला होता. मेमरीची पहिली चूक पूजेच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा मी जिन्यात होते.

पूजा शिपाई महादूकाकांनी केली होती. त्यांना गाठलं. "काका, नारळाचं पाणी आत गेलं का?"

"साहेबच म्हनले, झाकन काढा, आतबी शिपडा. व्हय पोरी, गेलं. पन माजं नाव नगं घिऊस."

त्यांचा राग आला नाही. पण एवढ्या मोठ्या इमारतीत माझ्या बाजूनं बोलणारं फक्त ते यंत्र होतं. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. टाईप केलेला. 'माझ्या चुकीच्या अपडेटमुळे सर्व्हर बंद पडला.' खाली माझं नाव. मी नोंदी दाखवल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शेठना काय सांगू, पूजेनं बिघडला? सही कर आणि विषय मिटव. नोकरी राहील की तुझी."

आई गावी, केमला असते. तिला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. ती म्हणाली असती, "कर की सही. मोट्या मानसांशी कुटं भांडतीस." आणि मी केली असती. आजवर असंच करत आले.

पेन घेतलं. ती ओळ खोडली. खाली लिहिलं: पूजेच्या वेळी नारळाचं पाणी मेमरीवर पडलं. वेळ अकरा दहा. खोलीची किल्ली माझ्याकडे नव्हती. मग सही केली, फोटो काढला आणि नोंदींसकट शेठना पाठवला.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"तसं लेखी द्या," मी म्हणाले.

अजून दिलेलं नाही. शेठचंही उत्तर नाही. मी रोज जाते. कोणी माझ्याशी बोलत नाही. जेवायला एकटी बसते आणि ते फार जड जातं. तरी बसेन. चूक माझी असेल त्या दिवशी कुणी कागद टाईप करायची गरज नाही, मीच लिहून देईन. दुसऱ्याची चूक मात्र यापुढे माझ्या नावावर चढणार नाही.