आधी बसा, मग विचारा

बाजारात येऊ घातलेलं सूप देशभर खपेल की नाही, हे एकतीस वर्षं आमच्या बेन्डिगोत, ग्लेनिस ट्रेविनाच्या स्वयंपाकघरात ठरत होतं. लोकांची आवडनिवड शोधणाऱ्या कंपनीची बाई दर गुरुवारी तिच्याकडे यायची आणि सूप, साबण, कुत्र्याचं खाणं, जे असेल ते पुढे ठेवून मत विचारायची. ग्लेनिसची आवड इतकी चारचौघींसारखी, की तिला आवडलं ते निम्म्या ऑस्ट्रेलियाला आवडायचंच.

"डेसनं अख्ख्या संसारात मला एकच प्रश्न विचारला, चहा झाला का," ती नवऱ्याबद्दल म्हणायची. "माझं मत विचारायला मेलबर्नहून बाई यावी लागते."

तिचा एक नियम होता. पाहुणीने आधी बसायचं, चहा घ्यायचा, लॅमिंग्टन केकचा तुकडा खायचा, ग्लेनिसच्या गुडघ्याची हकिगत ऐकायची, मग प्रश्न. कंपनीचाही एक नियम होता. समोरची बोलेल ते सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायचं.

यंदा कंपनीने माणसांना विचारणंच बंद केलं. जुन्या उत्तरांवरून संगणकात माणसं घडवायची आणि त्यांना विचारायचं. एका रात्रीत चार हजार प्रश्न! घडवलेली पहिली बाई ग्लेनिस, आणि घडवणारी माझी टेगन. लेक अजून नोकरीत कायम झालेली नाही. त्यामुळे हे जमावं अशी प्रार्थना करावी की जमू नये अशी, मला कळेना. ग्लेनिसला आभाराचं पत्र आलं, सोबत भांडी पुसायचा एक टॉवेल. त्या गुरुवारी तिने तरीही दोन कप मांडले. मी कुंपणावरून पाहिलं. दोन्ही कप तिनेच संपवले.

मंगळवारी टेगनचा फोन.

"आई, ग्लेनआंटीला घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"जेवलीस का तू?"

"आई! आमचे सहा साहेब सूप घेऊन बसलेत. मशीनला विचारलं, सूप कसं वाटलं? तर म्हणते, आधी बसा, चहा टाकते. आणि गप्प! अकरा मिनिटं!"

"मग?"

"मग म्हणाली, कप कुठायत तुमचे? नाहीत म्हटलं, तर म्हणे पुढच्या गुरुवारी या. साहेब खाली जाऊन चहा घेऊन आलेत. आता ती गुडघ्याचं सांगतेय."

ग्लेनिसने ठेवणीतलं स्वेटर घातलं, लॅमिंग्टनचा डबा घेतला. गाडीत दोन तास तिने तो मांडीवर धरून ठेवला. कंपनीत पोचल्यावर पडद्यासमोर बसली आणि म्हणाली, "काय गं, या पोरांना का छळतेस?"

"आलीस? बस," मशीन म्हणाली. "तुझा गुडघा कसा आहे?"

ग्लेनिसने डबा मांडीवरून खाली ठेवला. एकतीस वर्षांत तिला हजारो प्रश्न विचारले गेले होते, पण हा नव्हता. पुढची चाळीस मिनिटं दोघी गुडघ्यावर बोलल्या. साहेबांनी ते लिहून घेतलं.

"आता सांग बाई, सूप कसं आहे?" शेवटी ग्लेनिसने विचारलं.

"मला काय विचारतेस? मला कुठं जीभ आहे? तूच चाखून सांग."

सगळे टेगनकडे बघायला लागले. टेगन घसा खाकरून म्हणाली, "सर, ही आपली नवी पद्धत. प्रश्न मशीन विचारेल, उत्तर माणूस देईल."

मग सर्वात मोठे साहेब म्हणाले, "असं आजवर कुणालाच कसं सुचलं नाही?"

टेगन कायम झाली. मशीन आता दर गुरुवारी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात असते. ग्लेनिस तिच्यापुढेही कप मांडते.

त्या दिवशी मात्र सूप अजून चाखायचंच होतं. ग्लेनिसने चमचा तोंडात घातला. सहा पेनं उघडली.

"खारट," ती म्हणाली. "आणि चहा पण गार झालाय तुमचा."

दोन्ही लिहून घेतलं गेलं.