यादीत सर्वांत वर

ओला आणि सुका कचरा एकत्र टाकणाऱ्यांची यादी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावायची, ही पद्धत आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मी सुरू केली. मी सेक्रेटरी होतो, निवृत्त होतो, आणि चारचौघांत लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही असं माझं ठाम मत होतं. हे मत किती हलकट आहे, ते कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

गणपतीनंतर एका संस्थेची माणसं आली. प्रत्येकाचा वर्षाचा कार्बन फूटप्रिंट काढायचा, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती घाण जाते ते मोजायचं, आणि ज्या सोसायटीचा आकडा कमी होईल तिला ढाल. त्यांनी छापील फॉर्म दिले. विजेचे युनिट, वर्षाला सिलिंडर किती, पेट्रोल, रिक्षा, विमान, मटण-मासळी, दूध, नवे कपडे. प्रत्येक उत्तराला ठरलेल्या संख्येने गुणायचं, बेरीज करायची आणि घरातल्या माणसांनी भागायचं. ठाण्याच्या एका कारखान्यात मी हयातभर मालाची मोजदाद केलेली. मला तर हे काम आवडलंच. मी दारोदार फिरून फॉर्म भरून घेतले.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे दोन गाड्या, तीन एसी. विमानाच्या रकान्यापाशी ते म्हणाले, "काका, फ्लाइट्स सगळ्या ऑफिसच्या. त्या ऑफिसच्या खात्यात टाका ना, माझ्या कशाला?" मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी विमान खोडलं. उरलं ते सहा माणसांत भागलं गेलं आणि गृहस्थ चांगलेच खाली आले.

मग आमचं घर. माणसं दोन. बायकोची फुप्फुसं दोन वर्षांपासून आवळत चालली आहेत. विडी-सिगारेट तर सोडाच, तिने कधी मशेरीही लावली नाही. चाळीस वर्षं इथलीच हवा घेतली, बस्स. आता तिला हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन लागतं, नाकात नळी घालून, दिवसातून किमान सोळा तास. ते कल्याणहून भाड्याने आणलंय आणि ते वीज खातं. विजेच्या बिलावर जे होतं ते मी फॉर्मवर उतरवलं, दोनाने भागलं. माणशी आकडा सगळ्या इमारतीत आमचा मोठा आला.

तो लपवता आला असता. एक ओळ गाळायची होती, जशी दुसऱ्याची गाळली होती. पण सेक्रेटरीनेच स्वतःचं खरं लिहिलं म्हणून लोक मला मानतील, असं मला वाटलं. यादी उतरत्या क्रमाने लावली. पहिला नंबर आमच्या फ्लॅटचा.

या बाईने आयुष्यात विमान पाहिलं ते गच्चीतून. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, जुन्या साड्यांच्या गोधड्या, खोलीतून निघताना पंखा बंद, आणि मी विसरलो तर माझा उद्धार. तिची सगळी हयात मोजली असती तर यादीत शेवटी तीच आली असती. पण फॉर्म एका वर्षाचा होता.

दिवाळीत शेजारच्या बायका फराळाला आल्या. त्यांतली एक हसत म्हणाली, "काकू, तुमचा नंबर एकदम टॉपला! गुपचूप एसी घेतलात की काय?" बायकोला काही कळेना. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो आणि, मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, मी चूक दुरुस्त केली. एसी नाही, हे मशीन आहे, त्याला तासाला इतकी वीज लागते, म्हणून आकडा वर जातो, असं सगळं नीट समजावून सांगितलं. बायको हसली आणि तिने चिवडा पुढे केला. तिची नळी तेव्हा नाकातच होती.

पुढच्या दोन बिलांत युनिट बरेच उतरले. मी खूश. मध्यंतरी मी सगळे बल्ब बदलले होते, त्याचा हा गुण म्हणून मी तिच्यापाशी फुशारकी मारली. ती म्हणाली, "बरं झालं बाई." त्या बिलांवरून वर्षाचा आकडा नव्याने काढून मी नवी यादी लावली. आम्ही पाच घरं खाली आलो होतो. त्या दिवसांत तिचे पाय सुजायचे, बोलता बोलता ती थांबायची. थंडीमुळे असेल, असं मी धरून चाललो होतो. बाजारातून येऊन दाराला किल्ली लावली की आत मशीनची पीप ऐकू यायची. तेही मी लाइट जाऊन आली असेल म्हणून सोडून दिलं.

मशीनची जाळी बदलायला विठ्ठलवाडीहून एक मेकॅनिक आला. त्याने पाठीमागचा छोटा मीटर पाहिला. मशीन एकूण किती तास चाललं ते त्यात दिसतं. मागच्या खेपेचा आकडा त्याच्या वहीत होता. "काका, हे रोज दहा-अकरा तासच चाललंय. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं का?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

तो गेल्यावर मी ओरडलो. आजारी माणसावर ओरडलो. "अगं, मी बाहेर पडलो की बंद करायचीस? जीव द्यायचाय का तुला?"

"ओरडू नका हो," ती धापा टाकत म्हणाली. "खाली सगळे वाचतात. आपलं घर सगळ्यांत वर. कधी कुणाला जड झाले नाही मी, आणि आता हवेलासुद्धा..." तिला वाक्य पुरं करता येईना. मी मशीन लावलं, नळी नीट केली.

थोडा दम घेतल्यावर तिने अगदी गंभीरपणे विचारलं, घरातला हिशेब कळणाऱ्या माणसाला विचारावं तसं.

"मग रोज किती तास लावलं तर चालेल, ते तुम्हीच सांगा. मी तेवढंच लावीन."

मला रडू यायला हवं होतं. ते आलंही, पण नंतर. आधी डोक्यात गुणाकार सुरू झाला.