हौद आणि वजाबाकी

त्या दुष्काळात आमचं शहर बिडकीनच्या अंगानं पसरत चाललं होतं आणि पाणी मागं मागं राहत होतं. आमच्या नव्या कॉलनीत घरं उठली, नळ काही आले नाहीत. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. तो चुकला की पुढचा आठवडा शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन उभं राहायचं.

एकदा नेमकं मतदान टँकरच्या दिवशीच आलं. वडील एका पक्षाचे कट्टर. शेजारी राहणारे आत्याचे यजमान, म्हणजे वडिलांचे दाजी, दुसऱ्याचे. दोन्ही घरांत हौद एकच. आई कुणाचीच नव्हती. "दोघं बी सारखेच," म्हणून ती कधी मतदानालाच गेली नव्हती. तिला आत्याला घेऊन बिडकीनला आजारी मावशीकडं जायचं होतं. निघताना म्हणाली, "तुमचं मत दाजींच्या मतानं कटतं. वजाबाकीला कशाला रांग लावता? दोघं घरी बसा अन् हौद भरा." दोघांनी भंडारा उचलून शपथ घेतली.

माझं पहिलंच मतदान. शाळेत बायकांच्या रांगेतून पाहते तर पुरुषांच्या रांगेत वडील उभे, गिरणीत जातो म्हणून निघालेले. मागं दाजी, तंबाखू आणायला बाहेर पडलेले. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

"दाजी, पळा."

"मी पळतो अन् तुमचं मत मोकाट सुटतं व्हय? तुम्ही निघा आधी."

"संगंच निघू मंग."

"चला."

कुणी पाऊल हलवलं नाही. मला लाज वाटली आणि हसूही आवरेना. शेवटी मीच रांग सोडून पळाले. तोवर टँकर दुसऱ्या गल्लीत रिकामा झाला होता.

दुपारी परत आल्यावर आईनं हौदात बादली सोडली, ती ठण्णकन तळाला आपटली. समोर दोघं, बोटांवर शाई. ती माझ्याकडं वळली. मला म्हणाली, "तुझं राह्यलंय ना? चल, मी बी येते."

परत आलो तर दोघं ओट्यावर वाट बघत होते.

"वहिनी, कुणाला दिलं?" दाजींनी विचारलं. वडिलांनी कान टवकारले.

"ज्याच्यापायी माझा हौद कोरडा राह्यला, त्याच्या विरोधात."

दोघंही खूश झाले. आपलं एक मत वाढलं, अशी दोघांचीही खात्री पटली. आणि त्या खुशीत दोघांनीही प्यायला पाणी मागितलं.