दर वर्षी स्ट्रेचरवर फडके

राखीव तुकडीत किस्से आपोआप साठतात. वर्षभर बँकेत, रेल्वेत, विमानतळावर राबायचं आणि शिबिरापुरतं सरोजिनी नगरला जमून सैनिक व्हायचं, मग दुसरं काय होणार! पूर्वी मी ते हसत हसत सांगायचो. आता सांगताना हसू येत नाही.

*

आम्हाला शिकवणारे हवालदार यादव, म्हणजे आमचे उस्ताद. नकाशाच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "उत्तर किधर है?" अर्ध्या वर्गाने मोबाईल काढले.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "नेटवर्क न मिले तो दुश्मन से माँग लेना."

*

मिश्रा अमौसी विमानतळावर विमानात सामान चढवायचा. अंगाने चांगलाच भरलेला, दौडीत कायम शेवटी. उस्ताद ओरडले की म्हणायचा, "पीछे की सुरक्षा देख रहा हूँ, उस्ताद." फार लाघवी माणूस.

*

जखमीला उचलण्याच्या सरावात स्ट्रेचरवर दर वर्षी फडकेच झोपायचा. रेल्वेतला, मूळचा साताऱ्याचा, अगदी काटकुळा. त्याला उचललं की सराव पटकन संपायचा आणि चहा मिळायचा. उस्ताद कुरकुरायचे, "जंग में घायल तौलकर नहीं मिलते." कॅप्टनसाहेब घड्याळ बघायचे.

फडके डोळे मिटून म्हणायचा, "हळू रे यार, झोप लागतेय."

*

गेल्या जूनच्या उन्हात मिश्रा दौडीत कोसळला. गाडी रस्त्यावर, मध्ये नांगरलेलं शेत. जवळ आम्ही चौघंच होतो. फडक्याने स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरला, पण पावलं कशी टाकायची, वजन खांद्यावर कधी घ्यायचं, त्याला काहीच येत नव्हतं. कुठून येणार? तो नेहमी वर झोपलेला. स्ट्रेचर पुन्हा पुन्हा खाली टेकवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्या दिवसापासून फडके आमच्याशी धड बोलला नाही. निशातगंजच्या बाजारात समोर आला तरी मान खाली घालून जायचा. फार वाईट वाटायचं.

*

यंदा शिबिरात स्ट्रेचर निघालं. कॅप्टनसाहेब सवयीने म्हणाले, "फडके, लेटो."

फडके जागचा हलला नाही. "सर, आज तक सबने मुझे उठाया. मुझे उठाना सिखाइए."

उस्ताद मिश्राएवढेच जाडजूड. त्यांनी पट्टा सोडून बाजूला ठेवला आणि स्वतः स्ट्रेचरवर आडवे झाले.

"आगे का डंडा पकड़, बेटा."