सारवलेल्या अंगणात जीपचं ऑईल

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, माझं वय बेचाळीस. शाळा उर्दू दुसरीपर्यंत झाली. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो, तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर असू द्या. गाडीच्या कामात माझी चूक कुणी दाखवली नाही.

बिदरकडच्या चिटगुप्प्याला आमचं घर. सेकंडहँड जीप होती. बाजारच्या दिवशी भाडं मारायचो, बाकी दिवस शेती. जीप घरी आली तेव्हा पहिलं ऑईल मी अंगणातच बदललं आणि बरंच जमिनीवर सांडलं. बायकोनं तिथं शेणानं सारवलं, तर वाळल्यावर पोपडा निघाला. परत सारवलं, परत निघाला. तेलावर शेण धरत नाही. तेव्हा ती म्हणाली, "गाडी ठेवायची तर ठेवा. पर माझ्या अंगणात एक थेंब बी पडायला न्हाई पायजे. न्हाईतर रस्त्यावर नेऊन करा तुमचं."

रस्त्यावर नेलं असतं तर ती जिंकली असती. मी अंगणातच करत राहिलो आणि त्यानंतर थेंब सांडू दिला नाही. काम झालं की ती दरवेळी वाकून जीपभोवती चक्कर मारायची. काहीच सापडलं नाही की म्हणायची, "वास तर यायलाय की."

अठ्ठ्याहत्तरच्याच उन्हाळ्यात आमची लेक गेली. एकच होती. भालकीच्या पलीकडं मेहकरला दिली होती. बाळंतपणात अडली म्हणून निरोप आला, तसे आम्ही दोघं जीप घेऊन गेलो. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर तिचं डोकं ठेवलं आणि बिदरच्या दवाखान्याकडं निघालो. मी गाडी जोरात काढली होती. भालकी मागं पडल्यावर बायको म्हणाली, "आता सावकास चालवा." मी मागं वळून बघितलं नाही. समजलं. सावकाश चालवली.

तेच बायकोचं शेवटचं बोलणं. त्यानंतर ती भाकरी करायची, शेण काढायची, अंगण सारवायची, सगळं वेळच्या वेळी, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरनं घसा बघितला. घशात काही नाही म्हणाला. माझं काही वेगळं नव्हतं. ताट समोर यायचं, मी जेवायचो. खारट आहे का अळणी, जिभेला कळायचं नाही. जीप अंगणात उभी होती. तिच्याकडं बायको बघायची नाही, मी बघायचो पण हात लावायचो नाही.

माझी थोरली बहीण कोहिनूरहून येऊन राहिली होती. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पावसाळा सरल्यावर एक दिवस ती म्हणाली, "तम्मा, गाडी कामून उभी केलास? चालव की."

"ऑईल काळं पडलंय. आधी बदलावं लागतंय."

"मग बदल. जळकं ऑईल मला दे, आमच्या दाराला वाळवी लागलीय." मग जवळ येऊन आवाज बारीक केला. "आन आज थोडं सांड."

"काय?"

"ऑईल. तांब्याभर. अंगणाच्या मधोमध. बघ तुझी बायको कशी वरडती ती. एकदा वरडली की तोंड उघडंल."

"मला जमायचं न्हाई."

"सांडायला बी शिकावं लागतंय व्हय?"

"इतकी सालं सांडलं न्हाई, आता न्हाई सांडत."

"तुझं नाक मोठं हाय, का बायको मोठी?"

मी पाना घेऊन जीपकडं गेलो.

इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. ऑईल गरम झालं की पातळ होतं, मळ घेऊन बाहेर येतं. बायको ओट्यावर तूर पाखडत होती. इंजिनचा आवाज झाला तसं तिचं सूप थांबलं, मग परत हलायला लागलं.

खाली गोणपाट टाकलं, त्यावर राख, राखेवर ट्रे. रॉकेलचा पत्र्याचा डबा आडवा कापून तो मीच केला होता. इंजिनच्या बुडाला असलेल्या चेंबरचं बूच पान्यानं नुसतं ढिलं करायचं, पुढं बोटांनी फिरवायचं, आणि फिरवताना वर दाबून धरायचं. आटे संपले हे बोटांना कळतं, तेव्हा एका झटक्यात बाजूला घ्यायचं. धार आधी तिरपी, लांब पडते, मग बारीक होत सरळ खाली येते. तसा ट्रे सरकवत आणायचा. घाई करणारा सांडतो.

बूच बोटात होतं आणि अक्काचं बोलणं डोक्यात. ट्रे वीतभर मागं राहिला असता तरी काम झालं असतं. मी तो मागं ओढलाही. धार सुटली तशी हातानं तो परत पुढं घेतला. हातांनी ऐकलं नाही. बोटांवरून गरम ऑईल गेलं, चटका बसला, पण दुसऱ्या कुणाच्या हाताला बसावा तसा.

शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो. बूच पुसून बसवलं, ट्रे उचलून भिंतीच्या कडेला ठेवला. अंगणात डाग नव्हता. बायकोकडं बघितलं. चक्कर मारायला ती उठली नाही. नीट काम केल्याचं मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

अक्का किटली आणते म्हणून गोठ्याकडं गेली. तिथल्या शेळीच्या करडाचं दावं तिनं सोडलं का आपोआप सुटलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. करडू उड्या मारत आलं आणि थेट ट्रेमध्ये. ट्रे पालथा झाला नाही, पण चारी खूर काळे करून ते अंगणभर पळालं. सकाळीच सारवलेल्या जमिनीवर ठसे उमटत गेले. मग ओट्यावर चढलं आणि तुरीच्या सुपात पाय देऊन उभं राहिलं.

बायको उठली.

"आवं, धरा की त्याला. बघत काय बसलाव."

आवाज घोगरा होता. मी करडू धरलं. ती ओट्यावरून उतरली, वाकून एकेक ठसा बघत जीपपाशी आली, जीपला चक्कर मारली आणि मागच्या बाजूला येऊन थांबली. सीटवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"मी सांडलं न्हाई," मी म्हणालो.

"तुमी कवा सांडता."

अक्का किटली घेऊन उभी होती. "तम्मा, माझ्या वाट्याचं ऑईल ऱ्हायलंय का करडानंच नेलं?"

बायको जमिनीकडं बघत म्हणाली, "खरवडून काढावं लागंल. नुसतं शेण धरत न्हाई." मग ती चुलीपाशी गेली. त्या दिवशी त्यापुढं बोलली नाही. मी नवीन ऑईल भरलं, हात धुतले. संध्याकाळी आमटीत मीठ कमी होतं. ते मला कळलं. मी तसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, खुरपं घेतलं आणि ओट्यापासून जीपपर्यंत ठसे खरवडायला बसलो. बायको शेणाची पाटी घेऊन मागं उभी होती. "आजून खोल," ती म्हणाली. मी आणखी खोल खरवडलं.