शेवटच्या खुणेपलीकडचा ब्लॉक

भुताखेतांच्या गोष्टींवर मी आजवर फक्त हसलोय. मशीन सांगेल ते खरं, बाकी सगळे मनाचे खेळ... असं चारचौघांत ठणकावून सांगणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण हल्ली माझ्याच खोलीत मला बसवत नाही.

कर्जतला राहत्या घरी मी कंपन्यांच्या जुन्या बॅकअप टेप वाचून देतो, लिनक्सच्या संगणकावर. त्या दुपारी कडावच्या सुमनवहिनी एक टेप घेऊन आल्या, सोबत त्यांची लेक गौरी. तिचा बाप शरद माझा मित्र, खालापूरकडच्या एका कारखान्यात हेच टेपचं काम बघायचा. गौरी पोटात असतानाच तो गेला.

"पोरीनं बापाचा आवाज ऐकला नाय, भाऊ. ते टेपवर बोलून ठेवायचे. तेवढं काढून द्या."

टेपवर डेटा तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे ब्लॉकमध्ये असतो. ब्लॉक मोठा आणि आपण एका वेळी वाचायला मागितलं कमी, तर ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारं यंत्र, एरर देऊन पुढे सरकतो — तो ब्लॉक हुकला. म्हणून मी नेहमी भरपूर मागतो. सगळे ब्लॉक चौसष्ट केबीचे निघाले. स्पीकरवर शरद बोलला, "हॅलो, टेस्टिंग... सुमन, जेवलीस का गं?" वहिनी रडायला लागल्या. मलाही भरून आलं.

डेटा संपल्याची खूण आली. सवयीनं मी आणखी एकदा वाचायला लावलं. तिथे काही मिळत नाही, मिळायला नको. पण एरर आली, ब्लॉक मागणीपेक्षा मोठा! दुप्पट मागितलं. तीच एरर. शेवटी ड्राइव्हच्या कमाल मर्यादेइतकं मागितलं, तेव्हा एक ब्लॉक आला. काठोकाठ भरलेला.

"गौरी... इकडे ये गं."

आवाज शरदचाच. आणि हे नाव तर आत्यानं बारशाला ठेवलेलं, तो गेल्यावर!

"आले, बाबा," म्हणत गौरी ड्राइव्हकडे निघाली. वहिनींनी तिला मागे ओढलं.

"बंद करा ओ, भाऊ!"

मी प्लगच उपटला. नंतर टेप पुन्हा वाचली, तर खुणेपुढे काहीच नाही. कुणा दुसऱ्या गौरीसाठीचं जुनं रेकॉर्डिंग राहिलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

काल वहिनींचा फोन आला.

"भाऊ, पोरगी सारखी एकच सांगते... बाबा म्हणतात, काकांना अजून मोठा ब्लॉक मागायला सांग. यात मी मावत नाय."

त्या दुपारी त्या दोघींसमोर मी 'ब्लॉक' हा शब्द तोंडातून काढलाच नव्हता. वहिनी अगदी हळू म्हणाल्या,

"मागून बघता का, भाऊ?"