आर्लिस नेस्टबीने जोखलेले उमेदवार

११ मार्च १९८६. सात जीव.

आयोवातल्या व्हेस्बी गावच्या टर्की पक्ष्यांचे मांस कापणाऱ्या कारखान्यात त्या सकाळी शीतगृहाच्या नळातून अमोनिया सुटला. पुढच्या दाराने दीडशेच्या आसपास माणसे बाहेर पडली. मागच्या दाराकडे धावलेली सात दारापाशीच मेली, कारण दाराला बाहेरून कुलूप होते. ते कुणाच्या विसराळूपणाने राहिलेले नव्हते. कामगार सिगारेट ओढायला बाहेर जातात आणि फिरत्या पट्ट्यावरचे काम रेंगाळते, म्हणून ते विचारपूर्वक, रोज सकाळी सहा वाजता लावले जात असे. मृत्यूचा हा प्रकार अपघात या सदरात नोंदवणारा समाज स्वतःशी खोटे बोलतो, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आर्लिस नेस्टबी पुढच्या दाराने बाहेर आली. तिची धाकटी बहीण लोइस मागच्या दाराकडे गेली. दोघी एकाच पट्ट्यावर समोरासमोर अकरा वर्षे उभ्या होत्या. त्या दिवसानंतर आर्लिस कारखान्यात गेली नाही. चौपन्नाव्या वर्षी ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि मुलांसाठी बटाटे सोलू लागली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात उमेदवार आले. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभे करावे याचा पहिला कौल आमच्या राज्यात लागतो. त्यामुळे दर चार वर्षांनी देशातले महत्त्वाकांक्षी पुरुष आमच्या गोठ्यांत, चर्चच्या तळघरांत आणि स्वयंपाकघरांत हिंडतात. त्यांच्या मागे त्यांना जोखणारे येतात. कोणाचा जबडा कणखर, कोणाची बायको हसरी, दक्षिणेत कोण चालेल, याची गणिते वर्तमानपत्रांतून मांडली जातात. घोड्यांच्या बाजारात निदान दात तरी उघडून पाहतात. या पंडितांपैकी एकानेही कोणत्याही उमेदवाराला त्या दाराबद्दल विचारले नाही.

आर्लिसने विचारले. आमच्या वस्तीतले पक्षाचे काम ती वीस वर्षे बघत होती. बैठका तिच्याच घरी होत. पाककृती लिहायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर ती प्रत्येक उमेदवाराबद्दल दोन-तीन ओळी लिहून ठेवी, आणि तिचे अंदाज सहसा चुकत नसत. त्या वर्षी तिने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: जो मालक कामगारांच्या मागे दार बंद करून कुलूप लावतो, आणि आत माणसे मरतात, त्याला तुरुंगात टाकणारा कायदा तुम्ही आणाल का?

पहिला आला तो मिसूरीचा एक खासदार. लिंबाच्या दोन वड्या खाऊन तो म्हणाला, "बाई, या वड्यांसाठी मी स्वतः तुरुंगात जाईन." सगळे हसले. आर्लिसने पत्त्यावर लिहिले, ‘भूक चांगली.’

मग गव्हर्नर प्रुइट आला. बुटका, घामट आणि बोलघेवडा. प्रश्न पुरता व्हायच्या आतच त्याने उत्तर दिले.

"आणीन. लिहून घ्या. सहा महिन्यांच्या आत आणीन. कागद द्या, सही करतो."

त्याने खरोखरच पत्ता ओढून घेतला आणि त्यावर सही केली. तो गेल्यावर आर्लिसची शेजारीण मार्व्हेल ओडेगार्ड कप विसळता विसळता म्हणाली, "हा तर धुलाईयंत्र विकणाऱ्यासारखा निघाला."

"वाटलंच मला," आर्लिस म्हणाली. "अजून कॉफी ओतली नव्हती, तोवर हो म्हणून मोकळा झाला."

सप्टेंबरात सिनेटर हॉलस्टेड आला. उंच, पांढऱ्या केसांचा. तो टेबलापाशी बसला, आर्लिसने प्रश्न विचारला, सातही नावे सांगितली. हॉलस्टेड काही बोलला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि बराच वेळ टेबलावरच्या कापडाकडे पाहत राहिला. मग आर्लिसच्या मनगटावर हात ठेवला, उठला, आणि दारात टोपी घालताना एकदाच मान हलवली.

आमचे लोक नॉर्वेतून आलेल्यांचे वंशज. आमच्यात नकार तोंडाने देतात, तोही आडून: "हे जरा वेगळंच आहे," एवढे म्हटले की समजायचे. होकार मात्र बोलून दाखवत नाहीत. कोठार बांधायला या म्हटले की माणूस जमिनीकडे बघतो, मान हलवतो, आणि शनिवारी हातोडी घेऊन हजर होतो. एकदा विचारलेले पाहुण्याला पुन्हा विचारणे हा त्याच्या इमानावर संशय. जो पटकन हो म्हणतो तो काहीतरी विकायला आलेला. या मापाने आम्ही शंभर वर्षे एकमेकांना जोखत आलो आणि क्वचितच फसलो, कारण ज्याला जोखायचे तो आमच्यातलाच असे.

"काय म्हणाला गं?" मार्व्हेलने विचारले.

"काही नाही."

"अगदी काहीच नाही?"

"एक शब्द नाही," आर्लिस म्हणाली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर विसावा दिसला. "तो करणार."

तो हिवाळाभर ती हॉलस्टेडसाठी झिजली. शाळेतून सुटली की बर्फाचे बूट चढवून घरोघर जाई. स्वतःहून कुणाकडे काही न मागणारी बाई ती. लोक तिच्या तोंडाकडे बघत आणि मान हलवत. अशी सतरा माणसे तिने बांधली.

८ फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जेवणघरात पक्षाची सभा भरली. आमच्याकडे चिठ्ठी टाकायची नसते. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन, शेजाऱ्यांच्या देखत उभे राहायचे. जमलेल्यांच्या शंभरात पंधरा माणसे ज्या कोपऱ्यात नसतील तो कोपरा मोडतो, आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचे किंवा घरी. त्या संध्याकाळी माणसे होती चौऱ्याण्णव. कोपरा टिकायला पंधरा हवीत. अध्यक्षपदी शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याने बोट नाचवत मोजले: हॉलस्टेड चव्वेचाळीस, खासदार अडतीस, प्रुइट बारा.

"गव्हर्नरवाल्यांनो, तीन कमी आहेत," तो ओरडला. "अर्धा तास आहे. मिठाई वाटा, पाया पडा, काय करायचं ते करा."

हॉलस्टेडच्या कोपऱ्यात आर्लिसच्या शेजारी कोणीतरी कॉफीचा कप धरला. ती वळली. डेल क्रोनिंगर, कारखान्याचा व्यवस्थापक. तो आमच्याच पक्षाचा, हे तिला माहीत होते. तो याच कोपऱ्यात असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

"घे, आर्लिस. शेवटी एका बाजूला आलो म्हणायचं आपण."

तिने कप घेतला नाही. "तू इथं कसा?"

"कसा म्हणजे? सिनेटर आले होते की कारखान्यात. सप्टेंबरात, तुझ्याकडून निघाले ते थेट आमच्याकडेच. तुझ्या वड्यांचं कौतुक करत होते." त्याचा आवाज मोकळा, शेजारधर्माचा होता. "समजूतदार माणूस आहे. म्हणाले, कारखान्याला झालेल्या दंडाचं प्रकरण अपिलात आहे ना, मग राहू द्या तिथंच. नवीन कायदे करून कुणाचं भलं झालंय? असं स्पष्ट बोलले बघ."

"बोलले?"

"चांगला तासभर."

क्रोनिंगर दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. आपण काय सांगत आहोत हे त्याला कळलेच नाही, आणि मला त्याच्याबद्दल जो संताप आहे तो याचसाठी. सात माणसांच्या मृत्यूनंतरही ज्याला आपल्या वाक्याचा अर्थ कळत नाही, त्या माणसाला आपण समंजस म्हणतो, कारण तो आवाज चढवत नाही.

आवाज आर्लिसने चढवला. त्या जेवणघरात तो पूर्वी कुणी ऐकला नव्हता.

"मार्व्हेल! सगळे इकडे बघा. मी चुकले. त्यानं मला फसवलं. माझ्याकडे गप्प बसला आणि यांच्याकडे तासभर बोलला. मी प्रुइटकडे चालले. चला."

ती जेवणघर ओलांडून गेली. ड्रायव्हरने मोजले, "प्रुइट तेरा. दोन हवेत."

कोणी हलले नाही. सतरा माणसे आपापल्या बुटांकडे पाहत उभी होती.

"मार्व्हेल, अगं ये ना!"

"आर्लिस, मी शब्द दिलाय," मार्व्हेल कासावीस होऊन म्हणाली.

"कोणाला दिलायस?"

"तुलाच की!"

"मग मी तो परत करते. घे, परत केला."

"असं कुठं असतं? दिलेला शब्द परत करायला तो काय केकचा साचा आहे? मान हलवली ती हलवली."

मागून एक म्हातारा पुटपुटला, "हे जरा वेगळंच आहे." त्या कोपऱ्याचा निकाल तिथेच लागला.

या लोकांवर मी वर्षानुवर्षे चिडलो आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. ज्या सचोटीचा आम्हाला अभिमान, तीच त्या संध्याकाळी कुलपासारखी वागली. शब्द पाळणे हा सद्गुण खरा. पण तो शब्द कशासाठी दिला होता हे विसरून जो पाळतो, तो मेलेल्यांशी नव्हे, स्वतःच्या प्रतिमेशी इमान राखतो. दोन माणसे. पंचवीस पावलांचे अंतर. सातांपैकी चौघांचे नातेवाईक त्या सतरांत होते.

अर्धा तास संपला. प्रुइटचा कोपरा मोडला. बारा जण खांदे पाडून खासदाराकडे गेले.

"आर्लिस, तुला कुठं लिहू?" ड्रायव्हरने हळूच विचारले.

"कुठंच नको."

"तसं नाही चालत गं. निदान कोणाच्याच बाजूची नाही, असं तरी लिहितो."

"मी बाजूची आहे," ती म्हणाली. "तुमच्यातला कुणी तिथं उभा नाही, एवढंच." तिने कोट घातला आणि निघून गेली.

प्रुइटने त्याच आठवड्यात माघार घेतली. आमच्या राज्यात हॉलस्टेड दुसरा आला, पंडितांनी त्याच्या गंभीर मौनाची स्तुती केली, आणि आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायरात तो पडला. पक्षाने भलत्याच माणसाला उभे केले. कुलपाबद्दलचा कायदा कोणीच मांडला नाही. पुढे चार वर्षांनी उमेदवार पुन्हा आले. आर्लिसने दार उघडले नाही. ती १९९९ मध्ये वारली. तोवर मार्व्हेल दर रविवारी चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसत राहिली, आणि त्या संध्याकाळबद्दल दोघी एकदाही बोलल्या नाहीत.

सात मृत्यूंसाठी सुरक्षा खात्याने कारखान्याला एकूण एकोणचाळीस हजार डॉलर दंड केला होता. अपिलात तो अकरा हजारांवर आला. कारखाना दोनदा विकला गेला. अकरा हजार डॉलर अजून भरलेले नाहीत.